सासूबाई, कोळसा आणि मूल रोडचा फ्लेक्स

बिअरवर मत द्यायचा अधिकार अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात कोणाला असेल, तर तो मला! ही फुशारकी नाही, नम्रपणे सांगतोय. मधे सहा वर्षं आमचा जिल्हा कोरडा होता. त्या काळात कोणी काय काय उद्योग केले ते ज्याचं त्याला माहीत. मी मात्र सरळमार्गानं ताक प्यायलो आणि बिअरवर वाचत बसलो. बंदी उठली तेव्हा माझ्याकडे मतं तयार होती, फक्त बिअर यायची बाकी होती!

तशी ती आली. आमचा प्रणित पुण्याच्या एका ब्रुअरीत काम शिकून परत आला, मूल रोडवरची बंद पडलेली राइस मिल घेतली, आत चकचकीत टाक्या बसवल्या आणि तीन बिअर काढल्या. टेंभराच्या, म्हणजे तेंदूच्या, फळाची 'टेंभरू'. हलकी, पिवळी 'सत्तेचाळीस', म्हणजे मे महिन्यात आमच्याकडे पारा जिथं मांडी घालून बसतो तो आकडा. आणि काळीकुट्ट, दाट 'कोळसा'. कोळसा आमच्या नाकातोंडात जन्मापासून असतोच, आता ग्लासातही आला!

माझं जटपुरा गेटजवळ चष्म्याचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर खुशबू मॅडमची पॅथॉलॉजी लॅब. आम्ही दोघं प्रणितचे पहिले भक्त. खुशबू मॅडमची हयात नमुने तपासण्यात गेली, त्यामुळे 'सत्तेचाळीस'चा ग्लास समोर ठेवला की त्या सवयीनं आधी पेशंटचं नाव शोधतात. पण जीभ एकदम तयार!

तर एका दुपारी मॅडम धाडधाड जिना उतरून दुकानात आल्या.

"सुनिलभाऊ, हे पाहा काय लिहून राह्यला हा माणूस!"

हा माणूस म्हणजे गुणवंतराव. नागपूरचे. बँकेतून निवृत्त झाले आणि बिअर चाखणाऱ्यांच्या क्लबाचे अध्यक्ष होऊन बसले. गावोगावच्या बिअर चाखायच्या आणि इंटरनेटवर गुण द्यायचे, हा त्यांचा धंदा. त्यांनी प्रणितची बिअर नागपुरात कोणाकडून तरी मिळवली होती आणि लिहिलं होतं:

'सत्तेचाळीस: पाचपैकी दीड. फेस घाईतल्या पाहुण्यासारखा, आला आणि चहा न घेता गेला. चव एप्रिलमधल्या गच्चीवरच्या टाकीची. टेंभरू: पाचपैकी एक. हे फळ झाडावरच सुखी होतं. कोळसा चाखायचं धाडस झालं नाही.'

माझं रक्त उकळलं! फेसाचं मी ऐकून घेतलं असतं. तो खरंच लवकर जातो. पण टेंभरं झाडावर सुखी? लहानपणी ज्या फळापायी आम्ही शर्टावर डाग पाडून घेऊन मार खाल्ला, त्याला हे संत्र्याच्या गावचे लोक एक गुण देणार?

त्या रात्री जेवता जेवता मी उत्तर लिहायला घेतलं. बायको, हर्षा, म्हणाली, "भाजी थंडी होऊन राह्यली."

"होऊ दे! चंद्रपूरच्या इज्जतीचा प्रश्न आहे!"

उत्तर असं काही उतरलं की काय सांगू! सत्तेचाळीस आणि टेंभरूचा बचाव केला, नागपूरकरांच्या जिभेची चौकशी केली आणि मग कोळशावर आलो. इथं एक झकास उपमा हवी होती. ताटात सासूबाईंनी पाठवलेली भरलेली मिरची होती. ती चावली आणि उपमा आपोआप सुचली! लिहिलं: 'कोळसा ही अगदी माझ्या सासूबाईंसारखी आहे. पहिल्या घोटाला कडक, पण आतून गोड! चाखायची हिंमत नसेल तर मत द्यायची हिंमत कुठून आणली? असाल मर्द तर या चंद्रपूरला!'

खाली खुशबू मॅडमनी जोडलं: 'आणि असाल बाई तरी या.'

दुसऱ्याच दिवशी गुणवंतरावांचा निरोप आला. 'येत्या रविवारी सकाळी अख्खा क्लब येतो आहे. कोळसा तयार ठेवा.'

इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं, हे लक्षात ठेवा!

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. सत्यशीलाबाई. मार्कंड्याच्या अलीकडचं त्यांचं गाव, चामोर्शी तालुका, जिल्हा गडचिरोली. तिकडे आजही दारूबंदी आहे. आणि सासूबाईंच्या भागात ती कायद्याच्या पुस्तकात कमी, सासूबाईंच्या काठीत जास्त आहे! महिला दारूबंदी समितीच्या त्या अध्यक्ष. त्यांनी फोडलेल्या मडक्यांच्या खापरांत एखाद्या घराची भिंत उभी राहील. बाई येताहेत अशी नुसती आवई उठली तरी हातभट्टीवाले दारूसाठी आंबवलेला सडवा आपल्याच हातानं नाल्यात ओततात.

मी बिअर चाखतो हे त्यांना माहीत होतं. "तुमच्या जिल्ह्यात तुमचा कायदा," एवढंच त्या एकदा म्हणाल्या होत्या, आणि नंतर दोन दिवस माझ्याशी थेट बोलल्या नव्हत्या. हर्षामार्फत मीठ मागायच्या.

शनिवारी संध्याकाळी हर्षा म्हणाली, "उद्या आई येऊन राह्यली. चंद्रपूरले महिला मेळावा आहे. समितीच्या सगळ्या बाया आहेत संगं, एसटीनं."

"येऊ दे की," मी म्हणालो. "मी सकाळी ब्रुअरीत आहे. त्यांचा रस्ता वेगळा, माझा वेगळा."

रस्ता एकच होता, हे मला रविवारी सकाळी समजलं.

ब्रुअरीच्या फाटकाशी स्कूटर थांबवली आणि मान वर केली, तर वर मीच होतो! कंपाउंडच्या आत, पण तोंड रस्त्याकडे, दोन बांबूंवर ताणलेला भलामोठा फ्लेक्स. त्यावर माझा हसरा चेहरा, प्रत्येक दात उशीएवढा. आणि बाजूला:

'कोळसा!
अगदी माझ्या सासूबाईंसारखी!
पहिल्या भेटीत कडक, पण आतून गोड!'

"प्रणित!" मी असा ओरडलो की समोरच्या धाब्यावरचं कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन बसलं.

प्रणित हात पुसत बाहेर आला. "कसा वाटला भाऊ? सरप्राईज! दारूची जाहिरात नाई करता येत ना, म्हून 'बिअर' शब्दच नाई टाकला. 'घोट' काढला, 'भेट' टाकलं. जाहिरात नाईच हे! हे तुमचं मत हाय!"

"अरे, पण माझी सासू आज याच रस्त्यानं येते आहे!"

"मग तं छानच! खूश होतीन!"

"त्या दारूबंदी समितीच्या अध्यक्ष आहेत!"

प्रणितच्या हातातलं फडकं खाली पडलं. "हे मले काऊन नाई सांगितलं भाऊ?"

मी लगेच फोन लावला. "आई, निघाल्या का?"

"चामोर्शीच्या स्टँडवर हावो. मूलवरून जानारी गाडी लागून राह्यली," पलीकडून खणखणीत आवाज आला.

"मूलवरून नका येऊ! आष्टी, गोंडपिपरीवरून या! नजारा सुंदर आहे!"

"जवाईबापू, आमी मेळाव्याले येऊन राह्यलो, का सहलीले? मूल रोडवर काय हाय?"

"काही नाही! काहीच नाही! मूल रोडवर काय असणार?"

"बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला. ज्या बाईनं 'घरात काही नाही' हे वाक्य आयुष्यभर भट्टीवाल्यांच्या तोंडून ऐकलं आणि दर वेळी बरोब्बर चुलीमागचं मडकं बाहेर काढलं, तिला मी हे सांगितलं होतं!

फ्लेक्स काढायला लागलो तर निघेना. प्रणितनं वारा-वादळाचा विचार करून तारेनं आवळून बांधला होता, आणि पक्कड ज्याच्याकडे होती तो माणूस सुट्टीवर. मग झाकूया! स्कूटरच्या डिक्कीत माझ्या दुकानाचा जुना फ्लेक्स होता. खुशबू मॅडम तेवढ्यात आल्या होत्या, त्यांनी शिडी धरली. मी वर चढलो. वरच्या भागापर्यंत हात पुरेना, म्हणून खालची ओळ झाकली, कोपरे दुमडून घट्ट बांधले आणि विजयी मुद्रेनं खाली उतरलो.

खुशबू मॅडम वर पाहतच राहिल्या. "सुनिलभाऊ, एकदा वाचून घ्या."

माझ्या दुकानाच्या फ्लेक्सवर होतं: 'फ्रेम जुनी झाली? आजच बदलून घ्या! एक्सचेंज ऑफर!' त्यातला 'फ्रेम' दुमडलेल्या कोपऱ्यात गेला होता. म्हणजे आता मूल रोडवरून येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या हसऱ्या चेहऱ्याशेजारी असं वाचायला मिळत होतं:

'अगदी माझ्या सासूबाईंसारखी!
जुनी झाली? आजच बदलून घ्या! एक्सचेंज ऑफर!'

मी पुन्हा शिडीकडे धावलो, आणि नेमका तेव्हाच नागपूरचा टेम्पो ट्रॅव्हलर फाटकातून आत आला!

त्यातून क्लब उतरला. सगळ्यांचे टी-शर्ट सारखे, सगळ्यांच्या हातात आपापले ग्लास, कापडात गुंडाळलेले. शेवटी गुणवंतराव. बारीक अंगकाठी, पांढरी मिशी, आणि चेहरा असा की जणू समोरच्यानं कर्जाचा अर्ज अर्धवट भरला आहे. त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्हीच ते सासूबाईवाले?"

"मीच!" मी छाती काढून म्हणालो. शत्रूसमोर माघार? शक्य नाही!

शेडमध्ये चाखणं सुरू झालं. आधी सत्तेचाळीस. एक जण म्हणाला, "ओल्या गवताची छटा आहे." दुसरी म्हणाली, "मला पेंढा वाटतोय." तिसऱ्यानं डोळे मिटून "पावसात भिजलेला गोठा" असा निकाल दिला. गुणवंतरावांनी ग्लास उजेडात धरला, हुंगला, घोट तोंडात घोळवला आणि म्हणाले, "दीडवर मी ठाम आहे."

"चव नाही समजली तुम्हाला!" मी म्हणालो. "ही बिअर बसून प्यायची नाहीच. उन्हातून घरी आल्यावर प्यायची आहे!"

"मग मी काय उन्हात उभं राहू?"

"राहा! मे महिन्यात या आणि बंगाली कॅम्पच्या चौकात उभे राहा! मग सांगा दीड का पाच!"

प्रणित मधे पडला आणि घाईघाईनं कोळसा ओतायला लागला. तेवढ्यात वारा सुटला. बाहेर फडफड आवाज झाला. मी पाहिलं, तर माझ्या दुकानाचा फ्लेक्स उडून धाब्याच्या छपरावर गेला होता आणि मूळ मजकूर पुन्हा झळकत होता. हायसं वाटलं मला! एक्सचेंज ऑफरपेक्षा गोड बरी!

आणि त्याच क्षणी करकचून ब्रेक लागला. लाल एसटी. दार उघडलं. आतून कंडक्टरचा केविलवाणा आवाज आला, "बाई, इथी स्टॉप नाई हो..."

"आता हाय," सासूबाई म्हणाल्या, आणि उतरल्या.

मागोमाग अख्खी समिती उतरली. गुलाबी साड्या, हातात फलक, आणि सासूबाईंच्या शेजारी त्यांचा उजवा हात, सोमारीबाई, ज्यांना भट्टीचा धूर दोन डोंगरांपलीकडून ओळखू येतो असं म्हणतात. सगळ्या फाटकातून आत आल्या. एका बाजूला हातात ग्लास घेतलेला नागपूरचा क्लब, दुसऱ्या बाजूला फलक घेतलेली गडचिरोलीची समिती, आणि मधे चंद्रपूर, म्हणजे मी! प्रणित एका टाकीच्या मागे गेला.

सासूबाईंनी काठीनं वर दाखवलं. "त्या फोटोत कोन हाय?"

"मी."

"अन् सासू कोन?"

आता माझ्याकडे पर्याय दोन होते. माफी मागायची, किंवा मत टिकवायचं. नागपूरची माणसं बघत होती. गुणवंतरावांच्या मिशीखाली हसू फुटत होतं. मी मान ताठ केली.

"तुम्हीच! आई, दारूबद्दल तुमचं मत मला माहीत आहे, त्याचा मी आदर करतो. पण मी जे लिहिलं ते मनापासून लिहिलं. मी माझं मत मागे घेणार नाही!"

खुशबू मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"मले दारूसंगं तोलली," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्याचं पाहू घरी. पन मले 'गोड' काऊन म्हटलं?"

"अं?"

"गोड! इतल्या मोठ्या अक्षरात! जवाईबापू, आमच्या तालुक्यात मानसं माहं नाव ऐकून मडके पालथे घालते. उद्या कोनी हे वाचलं, फोटो काढून तिकडं पाठवला, तं काय म्हनतीन? बाई आतून गोड हाय, उगा भिऊ नोका, घडीभर बडबडते अन् शांत होते! सात गावची दारू बंद केली मी ह्या कडकपनावर! तुमी एका फ्लेक्सात पानी फिरवलं!"

समितीनं माना डोलावल्या. हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! मी तर कौतुक केलं होतं!

"पण आई, तुम्ही आहातच गोड!" मी म्हणालो. माझं मत ते माझं मत! "मला डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्यात आठवडाभर उशाशी कोण बसलं होतं? चमच्यानं पेज कोणी भरवली?"

"चूप!" सासूबाई चमकून मागे पाहत म्हणाल्या.

"माझा ताप उतरला तेव्हा व्हरांड्यात जाऊन रडलं कोण?"

"जवाईबापू!"

सोमारीबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई! आमाले तं हे ठाऊकच नोहतं!"

"खोटं हाय ते! डोयात कचरा गेलता माह्या!"

अन् इथं मागून एक थंड, ठाम आवाज आला. "साफ चूक आहे!"

गुणवंतराव. हातात कोळशाचा ग्लास, अर्धा रिकामा. या सगळ्या गोंधळात त्या माणसानं शांतपणे चाखणं चालू ठेवलं होतं!

"आतून गोड? कुठे? मी दोनदा तपासलं. सुरुवात कडू, मध्य कडू, आणि शेवट तर घशाला धरून बसतो, सोडतच नाही. गोडव्याचा मागमूस नाही! हे मत ज्यानं दिलं त्याला काही कळत नाही."

सासूबाई त्यांच्याकडे वळल्या. "भाऊ, हे तुमी माह्याबद्दल बोलून राह्यले का त्या काऱ्या पान्याबद्दल?"

गुणवंतरावांनी चष्मा सारखा केला. "आपण कोण?"

"मी सासू."

गुणवंतरावांनी सासूबाईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. काठी पाहिली. मागची समिती पाहिली.

"मग बाई," ते म्हणाले, "मत तेच."

"हा मानूस खरं बोलते!" सासूबाईंचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला. "शिकलेला दिसते! पाहा जवाईबापू, परका मानूस असून एका नजरेत ओरखलं!"

"त्यांना चव नाही!" मी ओरडलो. "गोडवा शेवटी येतो! थांबावं लागतं!"

"मी थांबलो! नाही आला!"

"आणखी थांबा!"

"किती थांबू?"

"मला लग्नानंतर चार वर्षं लागली!"

आता आम्ही दोघं बिअरबद्दल बोलत होतो की सासूबाईंबद्दल, हे आम्हाला दोघांनाही सांगता आलं नसतं. नागपूरकरांत दोन तट पडले. एक बाई म्हणाल्या, त्यांना शेवटी थोडा गूळ लागतोय. एक तरुण म्हणाला, गूळ नव्हे, जळालेला गूळ. समितीतही कुजबुज सुरू झाली. सोमारीबाई हळूच म्हणाल्या, "मागच्या सालले बाईनं मले आपली शाल देल्ली होती. तं थोडंसं हाय वाट्टे..."

"सोमारी!" सासूबाईंनी काठी आपटली. "तो फ्लेक्स काढा! आताच्या आता!"

समितीतल्या एका बाईनं पिशवीतून पक्कड काढली. भट्ट्यांभोवतीच्या तारा तोडायला त्या बरोबरच ठेवतात! बघता बघता माझा चेहरा दुमडला गेला.

"फ्लेक्स काढा!" मी म्हणालो. "मत नाही काढू देणार!"

सासूबाईंनी टाकीकडे काठी केली. "भाईर ये रे!" प्रणित बाहेर आला. "तुमच्या जिल्ह्यात कायद्यानं चालते म्हून गप हावो. पन यातली एक बाटली जरी वैनगंगेच्या पलीकडं आली..."

"नाई बाई! थेंब नाई येनार!"

बाकीची एसटी खिडक्यांतून टाळ्या वाजवत होती. समिती चढली, कंडक्टरनं स्वतः दार लावलं आणि गाडी गेली.

संध्याकाळी गुणवंतरावांचा अभिप्राय आला. 'कोळसा: पाचपैकी दोन. दाट, प्रामाणिक, पण गोडव्याचा दावा सिद्ध झाला नाही. ब्रुअरीत भेटलेल्या सासूबाई: पाचपैकी पाच. सुरुवात, मध्य, शेवट, तिन्ही उत्तम. परिणाम दीर्घकाळ टिकणारा.'

खाली मी लगेच लिहिलं: 'कोळशाला पाचच! मी मत बदलणार नाही!' आणि मोबाइल बाजूला ठेवला. चंद्रपूर हरलं नव्हतं! मी नागपूरसमोर वाकलो नाही, गडचिरोलीसमोर वाकलो नाही. कोणी विचारलंच तर पुन्हा हेच सांगेन!

सासूबाई मेळावा आटोपून घरी आल्या, हर्षामार्फत मीठ मागत जेवल्या आणि झोपायला गेल्या. हर्षा मेथी निवडत बसली होती. दिवसभराचं सगळं तिच्या कानावर आलं होतं, पण ती चकार शब्द बोलली नव्हती. मला वाटलं, हिला तरी माझा बाणेदारपणा पटलेला दिसतो.

"आई म्हणजे कोळसा," ती मान खाली घालूनच म्हणाली.

"हो! आणि मी ते मागे घेणार नाही!"

"नका घेऊ." तिनं एक काडी मोडली. "मग मी कोणती?"

"कोणती म्हणजे?"

"तीनच बिअर आहेत ना प्रणितकडं? आईले कोळसा म्हटलं, उरल्या दोन. एकीचा फेस टिकत नाई. दुसरी झाडावरच सुखी होती. तुम्हाले तं मतं मांडाले भीती नाई वाटत. सांगा ना, मी कोणती?"

वाचकहो, मी उठलो. "गॅसवर दूध ठेवलंय का?" असं म्हणालो आणि स्वयंपाकघरात गेलो.

गॅसवर काहीच नव्हतं. तरी मी तिथं बराच वेळ लक्ष ठेवून उभा राहिलो.